तीन नंबरचा उतार

१

सकाळी सातच्या ठोक्याला धाकटा फोन लावायला बसायचा.

ऑफिस म्हणजे तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत टेबल, फोन आणि भिंतभर नकाशा. मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेले तंबू, दोर, बूट आणि बर्फात बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे. लोकांना डोंगरावर न्यायचं, शिखराला हात लावू द्यायचा आणि धडधाकट परत आणायचं, हा तिथला धंदा. शिखरंही काही जगात गाजलेली नव्हेत. सहा हजार मीटरच्या जरा वरची. अंगात दम असेल तर साध्या नोकरदार माणसाला वाटाड्याच्या मागून जमतील अशी.

धाकट्याचं काम आखणीचं. कुठल्या दिवशी किती चढायचं, कुठे झोपायचं, कुणाच्या मागे कोण चालणार, हे सगळं तो कागदावर मांडायचा. वय चौतीस, तरी ऑफिसातही त्याला धाकटाच म्हणत. बारा वर्षांपूर्वी ताई त्याला इथे घेऊन आली होती आणि मालकीणबाईंना म्हणाली होती, "हा आमचा धाकटा. शाळेत रमला नाही, पण याच्या हातात कागद द्या, मुंगीसुद्धा वाट चुकणार नाही." तेव्हापासून ते नाव चिकटलं ते चिकटलं.

निघायच्या महिनाभर आधी बाई प्रत्येक तुकडीकडून कोरडी फेरी करून घ्यायच्या. माणसं आपापल्या घरीच असायची, कामावर जायची. फक्त रोज सातला धाकटा फोन करून कागदावरचा त्या दिवसाचा मजकूर वाचायचा. आज दिवस चौथा, उंची साडेतीन हजार, चाल पाच तास. मग समोरच्याने बोटाला चिमटा लावून नाडी सांगायची, ऑक्सिजन सांगायचा, झोप लागली का, डोकं दुखतंय का ते सांगायचं. आकडे अर्थात घरचेच. पण खरं आणि थोडक्यात बोलायची सवय लागायची. वाटाड्यांचा म्होरक्या, त्याला सगळे उस्ताद म्हणत, त्याचं म्हणणं असं, की वर गेल्यावर माणूस लाजेपोटी डोकेदुखी लपवतो, आणि मग ती डोकेदुखी माणसाला लपवते.

आखणीच्या कागदावर नावं नसायची, नंबर असायचे. या तुकडीत सहा नंबर होते. तीन नंबर होता भाऊजींचा, म्हणजे ताईच्या नवऱ्याचा. त्यांनी वर्षभर आधी हौसेने जागा धरली होती. मग एका सकाळी दाढी करता करता ते न्हाणीघरात कोसळले, ते उठलेच नाहीत. महिन्याभराने ताई ऑफिसात आली आणि म्हणाली, "तीन नंबर मला दे." भाऊजींना जाऊन आता अकरा महिने झाले होते. त्या अकरा महिन्यांत ती रडली नव्हती, आणि हसली म्हणावं तर तेही नाही.

चौथ्या दिवशी एक नंबर अठ्ठ्याण्णव, दोन नंबर सत्त्याण्णव. तीन नंबरला फोन लावला.

"नाडी सत्त्याण्णव," ताईचा आवाज आला. "ऑक्सिजन एकोणनव्वद."

"किती?"

"एकोणनव्वद. झोप बरी. डोकं जरा जड."

धाकट्याने लिहून घेतलं. मग हात थांबला. साडेतीन हजार मीटरवर अगदी एवढाच असायला हवा. पण ताई होती शहरात, दुसऱ्या मजल्यावर.

२

चिमटा बिघडला असणार. त्यात एवढं काय? बोटं गार असली की चिमटा काहीही आकडे फेकतो. धाकटा संध्याकाळी नवा चिमटा घेऊन तिच्याकडे गेला.

ताईने दार उघडलं आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. तो मागोमाग गेला. लहानसं स्वयंपाकघर, टेबलाला दोन खुर्च्या, खिडकीसमोर हातभरावर शेजारच्या इमारतीची भिंत. नळ थेंब थेंब गळत होता. अकरा महिन्यांपूर्वी तो गळता तर भाऊजींनी पाना घेऊन अर्धं घर खोललं असतं.

"सकाळी एकोणनव्वद सांगितलास," तो म्हणाला.

"सांगितला असेन."

"असेन म्हणजे काय? आठवत नाही?"

"सकाळचं काय आठवायचं असतं रे?" ताई म्हणाली.

किटलीचं पाणी उकळलं. तिची मूठ विस्तवावरून तशीच उचलायची नसते, फडकं लागतं. ताईने उघड्या हाताने उचलली, दोन कप भरले, किटली खाली ठेवली.

"ताई, हात!"

"काय झालं?"

तिने तळवा उलटून पाहिला. लालभडक झाला होता. शेजारणीची साडी बघावी तसा तिने तो बघितला आणि म्हणाली, "साखर किती?"

दुसऱ्या दिवशी सकाळचा आकडा शहाऐंशी आला. कागदावर त्या दिवशी चढ होता. मग मात्र त्याने तिला ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं.

"अठ्ठ्याण्णव. फुप्फुसं घोड्याची आहेत. झोप?"

"झोपते."

"जेवण?"

"जेवते."

"मग त्रास काय?"

"मला काही नाही," ताई म्हणाली. "यालाच काहीतरी होतंय."

डॉक्टरीणबाई हसल्या. धाकटाही हसला. हसण्यावारी नेण्यासारखंच होतं ते.

३

पण डोक्यातून जाईना. सहाव्या दिवशी तीन नंबर चौऱ्याऐंशीवर आला, नाडी एकशे दहा. बाकीचे पाच नंबर घरबसल्या ठणठणीत. पाच नंबर केस कापणारा होता. त्याला विचारलं डोकं दुखतंय का, तर म्हणाला, "दुखतंय, पण त्याला उंचीची गरज नाही साहेब, बायको आहे." धाकट्याने तेही लिहून घेतलं आणि नंतर खोडलं.

खोडता खोडता त्याला सुचलं. पुढच्या दिवशी तीन नंबरला सहाशे मीटर चढायचं होतं. त्याने तेवढ्या एकाच नंबरची ओळ खोडून वर लिहिलं: आराम, त्याच मुक्कामी. कुणाला सांगितलं नाही. सांगायला होतंच काय?

सकाळी फोनवर काही विचारायच्या आत ताईच म्हणाली, "आज बरं वाटतंय रे. सत्त्याऐंशी. नाडी ब्याण्णववर आली. तंबूत पडल्या पडल्या ऊन खाल्लं."

"तंबूत?"

"मग काय पलंगावर?" आणि ती हसली.

ते हसू त्याच्या ओळखीचं होतं. शेवटी खोकल्यासारखी उचकी लागते ते. भाऊजी म्हणायचे, हिला हसवू नका, गाडी बंद पडते. त्याला वाटलं, आपल्याला भीती वाटायला हवी. पण छातीत नुसतं बधिर वाटत होतं, पायाला मुंग्या येण्याआधी वाटतं तसं. आणि त्या बधिरपणाच्या खाली कुठेतरी बरं वाटत होतं.

मागे, तिच्या आवाजामागे, कापड फडफडत होतं.

४

नवव्या दिवशी त्याने ठरवलं, पुरे झालं. तीन नंबरला फोन करायचाच नाही. कागद नाही वाचला तर ती चढणार कशी? असल्या हिशेबाला शहाणपण म्हणावं की खूळ, हे त्याचं त्यालाच समजेना. दोन नंबर झाला की थेट चारला फोन लावला.

बाकीचे पाचही नंबर आटोपून त्याने रिसीव्हर ठेवला, तोच फोन वाजला.

"धाकट्या, विसरलास की काय मला? बूट बांधून बसलेय केव्हाची. वारा काय सुटलाय इथे! वाच लवकर."

त्याने वाचलं. दुसरं काय करणार? चार हजार नऊशे. चाल सहा तास.

दहाव्या दिवशी तो सातच्या आधीच ताईच्या घरी जाऊन बसला. ती टेबलाशी पावाला लोणी लावत होती. अंगात जाड कोट, घरात असूनही. तिचा फोन दोघांच्या मधे टेबलावर पडला होता. सात वाजले. धाकट्याने आपल्या फोनवरून तिचा नंबर लावला. टेबलावरचा फोन वाजला नाही, उजळलाही नाही. पलीकडे मात्र उचलला गेला.

"बोल," ताईचा आवाज कानात आला. "आज ऐंशी. नाडी एकशे चौदा. अरे, माझी वेणी गोठून काठी झालीय. उस्तादाला म्हटलं, तुमची कुऱ्हाड राहू द्या, मी वेणीनेच बर्फ फोडते!"

समोर ताई लोणी लावत होती. सुरी एका लयीत पावावरून फिरत होती. ओठ मिटलेले होते.

"कोणाशी बोलतोस?" तिने मान वर न करता विचारलं.

"ऑफिस," धाकटा म्हणाला.

"हं," ताई म्हणाली आणि पाव त्याच्यापुढे सरकवला. तिच्या बोटांचा स्पर्श झाला. नळाच्या लोखंडाला हात लागावा तसा.

तो पाव त्याने जेमतेम गिळला. जिना उतरताना मनाशी घोकत राहिला, की फोन कंपनीचा काहीतरी घोळ असेल. जुने आवाज साठवतात म्हणे. पण वेणीचं कुणी साठवून ठेवलं असेल?

५

आता इथे उस्तादाचा एक नियम सांगायला हवा. आखणीचा कागद शिखरावर संपायचा. शिखराच्या दिवसाखाली धाकट्याने एक आडवी रेघ मारायची, बस. उतार कागदावर लिहायचा नाही, हा त्या ऑफिसातला जुना दंडक. चढताना माणूस कागदाचं ऐकतो, उतरताना फक्त वाटाड्याचं ऐकायचं, असं उस्ताद म्हणायचा. एरवी यात कुणाचं काही अडत नसे. कोरडी फेरी शिखरावर संपली, की प्रत्येकाला म्हणायचं, फेरी संपली, आणि फोन ठेवायचा.

बाराव्या दिवशी एक नंबर म्हणाला, शाबास, पोचलो. दोन नंबर म्हणाला, आता झोपतो. तीन नंबरला फोन लावला.

बराच वेळ नुसता वारा. मग धाप. "पोचले. धाकट्या, पोचले रे. यांना दाखवायला हवं होतं हे." दोन श्वास. "एकाहत्तर. नाडी... राहू दे. पुढचं वाच."

त्याने कागद पाहिला. रेघ होती.

"फेरी संपली, ताई."

"संपली काय? मी इथे वर उभी आहे. पुढे काय लिहिलंय ते वाच ना."

"काही लिहिलेलं नाही."

"बरं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. लहानपणी शाळेच्या फाटकाशी ती त्याची वाट बघायची, तेव्हा असायचा तोच आवाज. "मग थांबते."

दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. "थांबलेय. पासष्ट." तिसऱ्या दिवशी आकडा सांगताना तिची जीभ अडखळत होती. छप्पन्न, की शेहेचाळीस, कळलं नाही. विनोद नाही, हसू नाही.

६

त्याच दुपारी त्याने आयुष्यात पहिल्यांदा उतार लिहिला. शिखर ते वरचा तळ. वरचा तळ ते खालचा. प्रत्येक वळण, प्रत्येक ओढा, पाणी कुठे प्यायचं, कुठे बसायचं. अक्षर सुरेख आलं. डोंगराचा पायथा आला तरी तो थांबला नाही. गाडीरस्ता, शहर, गल्ली, इमारतीचं दार, दोन जिने, दुसऱ्या मजल्यावरचं उजवीकडचं दार.

उस्ताद मागच्या खोलीतून दोर गुंडाळत आला आणि त्याच्या खांद्यावरून वाचायला लागला.

"हे काय?"

"उतार."

"ते दिसतंय. कुणाचा?"

"तीन नंबरचा. उस्ताद, रागवा नंतर. ताई वर अडकलीय."

दुसरा कुणी असता तर हसला असता. उस्तादाने दोर खाली ठेवला आणि कागद हातात घेऊन खालपर्यंत वाचला. तिथे पोचल्यावर तो खुर्चीत बसला.

"घरापर्यंत लिहिलास?"

"मग कुठपर्यंत लिहायचं?"

"तळापर्यंत लिही, गावापर्यंत लिही. घरापर्यंत कोण लिहितं, बाबा?" उस्तादाचा आवाज अगदी खाली गेला. "घरी आधीच कुणीतरी असतं."

"म्हणजे?"

उस्तादाने दोर उचलला आणि आधीच गुंडाळलेला तो पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळायला लागला.

धाकट्याला शेवटच्या ओळी खोडता आल्या असत्या. त्याने रबर हातात घेतलंही. मग ताई थांबली असती, गावात कुठेतरी, बूट बांधून, पुढचं वाच म्हणत. त्याने रबर ठेवून दिलं.

ती उतरायला लागली. एकाहत्तर. ऐंशी. आवाज रोज भरत गेला. एके सकाळी फोनवर ती ढसाढसा रडली, भाऊजींची मोजे घालायची सवय आठवली म्हणून. आधी डावा, मग पाणी प्यायचं, मग उजवा. पोटभर रडून झाल्यावर नाक ओढत म्हणाली, "शहाण्णव. लिही."

आणि संध्याकाळी तो घरी जायचा, तेव्हा ताई कोट घालून खुर्चीत बसलेली असायची. दिवा लावायची नाही. विचारलं तर "बरी आहे" म्हणायची. एकदा तो बाजूला बसला तर त्याला तिचा श्वास ऐकू येईना. त्याने कान देऊन ऐकला. येत होता, बऱ्याच वेळाने एक.

७

शेवटच्या दिवशी तो पावणेसातलाच तिच्या टेबलाशी बसला. सकाळचं ऊन शेजारच्या भिंतीवर पडलं होतं. काही करायला हवं म्हणून त्याने तिचं बोट धरून चिमटा लावला. आकडा आलाच नाही. दोन आडव्या रेघा आल्या. त्याने काढून पुन्हा लावला. दोन रेघा.

"बोटं गार असली की असं होतं," तो म्हणाला.

"होत असेल," ताई म्हणाली.

सातला फोन वाजला.

"धाकट्या! दारात उभी आहे बघ इमारतीच्या. पाय भरून आलेत, पण काय सांगू तुला..." तिच्यामागे रस्त्यावर एका ट्रकने हॉर्न दिला. तोच हॉर्न खिडकीतून आत आला.

"कोण आहे?" समोरून ताईने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "तू," तो म्हणाला.

तिने मान हलवली, पाण्याचं मीटर बघणारा आलाय असं कुणी सांगितल्यासारखी.

"कशी आहे?"

"चांगली आहे. हसते."

"रडते?"

"परवा खूप रडली. भाऊजींसाठी."

"बरं झालं," ताई म्हणाली. "मला काही ते जमलं नाही." ती उठली, कोटाची बटणं लावली. "मग तिलाच राहू दे."

धाकट्याने तिची बाही पकडली. "कुठे निघालीस? तुझ्यासाठी मी काहीच लिहिलेलं नाही."

"असू दे रे," ती म्हणाली. बाही त्याच्या मुठीत होती आणि मग नव्हती. तिने हिसका दिला नाही. त्याच्याच बोटांत जोर नव्हता.

ती दार उघडं ठेवून बाहेर गेली. जिन्यावरून तिची पावलं खाली जाऊ लागली. फोनमध्ये दुसरी पावलं वर येत होती, लगबगीने, मधे एखादी पायरी गाळत. धाकटा उठून उभा राहिला. चार ढांगांवर दार होतं. धावला असता तर मधल्या वळणावर तिला गाठलं असतं, दोघींनाही पाहिलं असतं. तो धावला नाही. आपल्याला दोघींमधली कुठली हवी आहे, हे त्याला त्या क्षणी लख्ख कळलं.

वळणावर दोन्ही पावलं थांबली. फोनमध्ये दोन श्वास ऐकू आले. एक धापेचा, एक बऱ्याच वेळाने येणारा. मग फोन बंद झाला.

मग एकाच माणसाची पावलं वर आली.

धाकटा कागदाकडे बघत राहिला. समोरची खुर्ची सरकली. एक हात टेबलावर आला, बोट पुढे झालं. हात ऊबदार होता. चिमट्यात अठ्ठ्याण्णव आलं, नाडी बहात्तर. त्याने ते लिहिलं आणि तेव्हा कुठे मान वर केली.

ताईचा चेहरा उन्हाने करपून सोलवटला होता. डोळ्यांभोवती, बर्फावर चष्मा लावून चालणाऱ्यांना पडतात तशी, दोन पांढरी वर्तुळं होती. त्यांच्या मधोमध तिचे डोळे हसत होते.

"घर किती गार करून ठेवलंय रे!" ती म्हणाली. मग मागे, उघड्या दाराकडे वळून पाहिलं. "जिन्यात एक बाई भेटली. भिंतीला चिकटून उभी राहिली बिचारी, मला वाट द्यायला. ओळखीची वाटली. कोण असेल?"

धाकट्याने जाऊन दार लावून घेतलं.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.